नव्वद मिनिटांचा गहू

३ जून

विहीणबाई,

नमस्कार. फोनच करणार होते. पण लेक म्हणते, मला फोनवर निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी माझ्या मनाने भरते. मागे जावईबापूंनी बदली टळल्याचं सांगितलं, ते मी 'बादली गळली' असं ऐकलं आणि तुम्हाला नवी बादली पार्सल केली. तुम्ही ती परत पाठवली नाहीत, हा तुमचा मोठेपणा. तेव्हापासून महत्त्वाचं काही असलं की मी पत्रच लिहिते.

कुकर पोहोचला असेल. त्याचं नाव थोरला. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तो आणि मी मिळून दीडशे मुलींना जेवू घालत होतो. मी निवृत्त झाले तेव्हा तो माझ्याबरोबर घरी आला. आता माझ्या एकटीचा मूठभर भात त्यात टाकला तर शिजल्यावर वाकून शोधावा लागतो. तुमच्याकडे चार माणसं, येणारंजाणारं कुणीतरी असतंच, म्हणून पाठवला.

झाकण लावताना उजवा कान जरा वर उचलून धरा, तरच बसतं. ते हट्टी आहे, खराब नाही. रबर वापरून झालं की धुऊन टांगून ठेवा, दुमडू नका. आणि काहीही झालं तरी जोर लावून उघडू नका.

पहिल्यांदा त्यात काय शिजवलंत ते कळवा.

तुमची,
विहीण


११ जून

विहीणबाई यांस,

विषय: कुकर पोहोचल्याबाबत.
संदर्भ: आपले ३ जूनचे पत्र.

सादर नमस्कार. उपरोक्त कुकर सुस्थितीत पोहोचला. उजवा कान उचलून धरल्यास झाकण बसते, हे प्रत्यक्ष करून पाहिले. कार्यालयीन पद्धतीने लिहिते, त्याचा राग मानू नये. पाणीपुरवठा कार्यालयात चौतीस वर्षे मी हेच केले. आता दुसऱ्या पद्धतीने लिहायला बसले की हात अडखळतो.

कुकर आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी नव्वद मिनिटे वापरात असतो. सध्या त्यात गहू शिजवीत आहोत. त्या अनुषंगाने दोन शंका आहेत.

एक, आत काचेच्या बरण्या उभ्या ठेवायच्या झाल्यास तळाला काय घालावे? एक बरणी तडकली.
दोन, बरणीच्या झाकणाला भोक पाडून त्यात कापूस कोंबला असता तो वाफेने ओला होतो. त्यावर उपाय काय?

घरी सर्व कुशल. सूनबाई मजेत आहे.

आपली,
विहीण


१७ जून

विहीणबाई,

आधी तुमच्या शंका. तळाला एखादी जुनी ताटली पालथी घाला, बरणी कधीच थेट तळाला टेकू द्यायची नाही. कापसावर चांदीच्या कागदाची टोपी करून दोऱ्याने बांधा. पाणी बरणीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत तरी हवं, नव्वद मिनिटांत ते आटतं.

आता माझ्या शंका. नव्वद मिनिटं गहू कशासाठी? मी तीस वर्षं शिजवतेय, गव्हाला इतका वेळ लागत नाही. व्याह्यांचे दात पडले का? तसं असेल तर लाजू नका, माझेही खालचे चार गेलेत. आणि गहू बरणीत का, पातेल्यात का नाही? झाकणाला भोक कशाला? ते कापसाने बुजवायचं असेल तर मुळात पाडलंतच कशाला?

काल लेकीला फोन केला. ती म्हणाली, बादलीत भुसा भिजतोय. मी दोनदा विचारलं, म्हणजे या वेळी बरोबर ऐकलंय. "भुसा कशाला गं?" तर म्हणाली, "ते तू आईंनाच विचार," आणि हसत सुटली. तिसऱ्या मजल्यावर तुम्ही गाय ठेवली असेल असं मला वाटत नाही, पण ठेवली असेल तर तसं सांगा.

माझी लेक नीट जेवते ना? शिजलेला गहू तिला लहानपणापासून आवडत नाही. हा टोमणा नाही, माहिती आहे.

तुमची,
विहीण


२५ जून

विहीणबाई यांस,

विषय: गहू, भुसा इत्यादी.
संदर्भ: आपले १७ जूनचे पत्र.

पालथ्या ताटलीचा व चांदीच्या टोपीचा उत्तम उपयोग झाला. एकही बरणी तडकली नाही. आभारी आहे.

गाय ठेवलेली नाही. यांचे दात शाबूत आहेत. सूनबाई पोटभर जेवते व तिला गहू दिला जात नाही.

गव्हाबाबत इतकेच कळवू शकते की, हा एक प्रयोग आहे आणि तो सध्या प्राथमिक अवस्थेत आहे. पूर्ण झाल्यावर सविस्तर अहवाल सादर करीन. तोवर या विषयावर पत्रव्यवहार नसावा, ही विनंती.

मागची बाथरूम प्रयोगासाठी बंद ठेवली आहे.

आपली,
विहीण


२ जुलै

विहीणबाई,

पत्रव्यवहार नसावा म्हणालात, तरी लिहिते. गप्प बसले आणि उद्या काही वेडंवाकडं झालं, तर मला स्वतःला माफ करता येणार नाही.

मी लेकीला पुन्हा फोन केला आणि शेजारणीला दुसऱ्या कानाशी बसवून लिहून घेतलं. तिने लिहिलेला कागद समोर आहे. सासूबाई बाथरूमचं दार आतून लावून घेतात. हातमोजे घालतात. स्पिरिटने हात, ओटा, बरण्या, सगळं पुसतात. आत असताना पंखा बंद, बोलणं बंद, श्वाससुद्धा जपून. पहिल्या खेपेला सगळा माल हिरवा पडला म्हणून दोन दिवस जेवल्या नाहीत.

गहू, बंद बरण्या, कापसाचे बोळे, स्पिरिट, कुलूपबंद मोरी. विहीणबाई, मी आयुष्यभर स्वयंपाकघरात असले तरी मला जग कळतं. आमच्या वसतिगृहाच्या वॉचमननेही मागच्या मोरीत पिंप पुरलं होतं. तोही त्याला प्रयोगच म्हणायचा.

मी तुम्हाला दोष देत नाही. एखाद्या बाईवर हे करायची वेळ येते ती घरातल्या माणसाच्या व्यसनापायी, हे मला समजतं. बाहेरची विषारी प्यायला लागू नये म्हणून तुम्ही घरच्या घरी काढून देत असाल. व्याही इतके सज्जन दिसतात, पण पिणारे सज्जनच दिसतात. सोबत आमच्या गल्लीतल्या व्यसनमुक्ती केंद्राचं पत्रक पाठवतेय. त्यांच्या उशाशी ठेवा, हातात देऊ नका, पुरुषांना ते लागतं.

एवढंच करा, थोरल्याला यातून मोकळं करा. त्याने दीडशे मुली वाढवल्यात.

तुमची काळजी करणारी,
विहीण


१४ जुलै

विहीणबाई यांस,

विषय: व्यसन.
संदर्भ: आपले २ जुलैचे पत्र व सोबतचे पत्रक.

आपले पत्र वाचून मी हादरले. आम्ही दारू गाळत नाही. परंतु यांच्याबद्दल आपण इतक्या खात्रीने लिहिलेत की आपल्याला बाहेरून काही कळले असावे, असे मी समजले. मग एकेक गोष्ट आठवू लागली. महिनाभर हे रोज पाच वाजता पिशवी घेऊन बाहेर पडतात. तासाभराने परत येतात ते तोंडात लवंग आणि चेहऱ्यावर समाधान. इतके समाधान लग्न झाल्यापासून मी पाहिलेले नाही.

पत्रक उशाशी ठेवले. त्यांनी ते वाचले, घडी घातली आणि माझ्या उशाशी ठेवले. सकाळी मी, ते कशाला ठेवले म्हणून विचारले तर म्हणाले, "तू स्पिरिट वाढवलंयस, मला दिसतंय. बोलायचं असलं तर मी आहे."

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या मागे गेले. ते शेजारच्या इमारतीत तळमजल्यावर, एका निवृत्त पोस्टमनच्या घरात शिरले. मी जिन्याखाली सायकलींच्या मागे पाऊण तास उभी होते. बाहेर आले ते डोके ओले, खांद्यावर टॉवेल, गालाला साबण. माझे पाय सायकलीत अडकले आणि तीन सायकली पडल्या, त्यामुळे लपता आले नाही.

मी विचारले, "इथे काय करता?"

ते म्हणाले, "आंघोळ. घरातली एक मोरी तू घेतलीस, दुसरीत पोरांनंतर माझा नंबर लागेपर्यंत पाणी गार. इथे गरम मिळतं. वर लवंग मिळते."

"मग सांगायचं नाही का?"

"तू महिनाभर त्या बरण्यांशिवाय कुणाशी बोललीस तर सांगणार ना?"

पडलेल्या तिन्ही सायकली आम्ही दोघांनी मिळून उभ्या केल्या. त्यानंतर ठरवले की आपल्याला खरे ते लिहायचे.

मी अळिंबी करते आहे. मशरूम. शिंपल्यासारखी दिसणारी, धिंगरी म्हणतात ती. शेतकी कॉलेजात एक दिवसाचा वर्ग होता, तिथे शिकले. गहू अर्धवट शिजवून बरण्यांत भरायचा, कुकरमध्ये नव्वद मिनिटे ठेवून त्यातले सगळे जंतू मारायचे, मग त्यात कॉलेजातून आणलेले चिमूटभर मूळ बियाणे सोडायचे. पंधरा दिवसांत गहू पांढऱ्या तंतूंनी भरून जातो, हेच घरचे बियाणे, आणि ते पुढे, भिजवून उकळलेल्या भुशात मिसळायचे. भुसा त्यासाठी. बादली आपलीच आहे, गळत नाही.

आपल्याला सांगितले नाही, कारण सूनबाई म्हणाली, "आईला कळलं की थोरल्यात बुरशी वाढवताय, तर ती पुढच्या बसने येऊन कुकर घेऊन जाईल." आणि मला तो जायला नको होता. चौतीस वर्षे माझ्या सहीशिवाय कागद पुढे सरकत नव्हता. आता दुपारी घरात मी आणि भिंती. वर्गातल्या बाई म्हणाल्या, भुशात वाढवणे कुणालाही जमते, बियाणे घरी तयार करणे हे खरे काम. ते माझ्या मनाला लागले.

पण जमत नाही. तीन खेपा झाल्या, तिन्ही हिरव्या. पांढऱ्या तंतूंच्या आधी हिरवी बुरशी येऊन बसते. मी सगळे वेळच्या वेळी करते. पाणी घालते, झाकण लावते, शिट्टी बसवते, नव्वद मिनिटे मोजते, झाल्यावर लगेच झाकणावर गार पाण्याचे तांबे ओतून कुकर उघडते, म्हणजे वेळ वाया जात नाही. तरी हिरवे.

आता आपण कुकर परत मागितलात तर मी नाही म्हणणार नाही.

आपली,
विहीण


१९ जुलै

विहीणबाई,

पत्र आलं त्या दिवशी मी इतकी रागावले की शेजारणीशी भांडले, तिचा काही संबंध नसताना. थोरल्यात बुरशी. दुसऱ्या दिवशी राग निम्मा झाला. तिसऱ्या दिवशी पत्र पुन्हा वाचताना 'गार पाण्याचे तांबे' वर आले आणि ताडकन उठून बसले.

अहो, शिट्टी लगेच बसवता होय? आधी नुसतं झाकण लावायचं आणि वाफेची सरळ धार दहा मिनिटं जाऊ द्यायची. आतली हवा पुरती बाहेर गेली की मग शिट्टी. हवा आत अडकली तर शिट्ट्या वाजतात, पण आच हवी तितकी चढत नाही. नव्वद मिनिटं तुम्ही त्या जंतूंना नुसती गरम आंघोळ घालताय, व्याह्यांसारखी.

आणि गार पाणी ओतायचं नाही. एकदम गार झालं की बरण्यांमधली वाफ आकसते आणि त्या बाहेरची हवा खेचून घेतात. हवेतून ती हिरवी बया आत येते. गॅस बंद करा आणि कुकरला हात लावू नका. सकाळी चढवला तर संध्याकाळीच उघडा. तोवर वाचत बसा.

गहूही तुम्ही जास्त शिजवत असणार. दाणा फुटला नाही पाहिजे. आत मऊ, बाहेरून कोरडा. चाळणीत पसरून तासभर वाळवा.

हे सगळं पत्रातून जमायचं नाही. पंचवीस तारखेच्या सकाळच्या बसने मी येते.

कुकर परत नेणार नाही. नेऊन ठेवणार कुठे? तुम्ही खरं लिहिलंत, तर मीही लिहिते. थोरला मला वसतिगृहाने दिलेला नाही. निरोपाच्या दिवशी मला भिंतीवरचं घड्याळ दिलं. मी रिक्षा बोलावली, घड्याळ पायाशी ठेवलं आणि थोरल्याला मांडीवर घेतलं. फाटकातल्या वॉचमनने सलाम केला आणि फाटक उघडलं. त्या घटकेला मला ते चोरीसारखं वाटलंच नाही. स्वयंपाकघरातून सगळे जण निघताना आपापली माणसं घेऊन निघतात, तसं वाटलं. घरी आल्यावर मात्र तो पहिल्यांदा वाजला आणि मला वाटलं, आता वॉर्डनबाई दार वाजवणार. सहा वर्षं मी त्यात कधी निवांत काही शिजवलं नाही. शेवटी तुमच्याकडे पाठवून दिला. म्हणजे चोरीचा माल तुमच्या घरी आणि उपदेशाची पत्रकं वर.

लेकीला यातलं काही माहीत नाही. तुम्ही सांगू नका.

तुमची,
विहीण


९ सप्टेंबर

विहीणबाई यांस,

विषय: अहवाल.

आपण आठ दिवस राहून गेलात, त्याला महिना उलटला. घरात अजून आपला आवाज येतो असे हे म्हणतात. विशेषतः मी शिट्टीकडे हात नेला की.

आपण असताना भरलेल्या सोळा बरण्यांपैकी चौदा पांढऱ्याशुभ्र झाल्या. दोन हिरव्या पडल्या, त्या चिरंजीवाने दार उघडून "आई, चहा" म्हटले त्या वेळी भरलेल्या. भुसा आपण शिकवल्याप्रमाणे मुठीत दाबून पाहिला, दोनच थेंब पडले तेव्हा पिशव्यांत भरला. अठरा दिवसांत पिशव्या आतून पांढऱ्या झाल्या. चिरा दिल्यावर पाचव्या दिवशी टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके आले. मी त्यांना सकाळसंध्याकाळ पाण्याचा फवारा मारत होते आणि हे दारात उभे राहून "माझ्या वाटचं पाणी" म्हणत होते.

परवा पहिली काढणी केली. आठशे चाळीस ग्रॅम. लोण्यावर परतली, वर मीठ, मिरपूड. सूनबाईने दोनदा घेतली. चिरंजीव म्हणाला, बरी आहे. त्याच्याकडून एवढे म्हणजे पुष्कळ. मी मात्र पहिला घास घेतला आणि चव कळेना, कारण डोळे भरले होते. कार्यालयात चौतीस वर्षांत मी काही पिकवले नव्हते.

आता आपल्या विषयाबद्दल. सोबत वॉर्डनबाईंना द्यायच्या पत्राचा मसुदा पाठवीत आहे. विषय: 'एक नग मोठा कुकर अनवधानाने कर्मचाऱ्यासोबत गेल्याबाबत.' तीन परिच्छेद आहेत. पहिल्यात घटना, दुसऱ्यात खेद, तिसऱ्यात परत करण्याची तयारी. मी आजवर लिहिलेल्या पत्रांत हे सर्वोत्तम आहे. यावर कुणी प्रश्न विचारू शकणार नाही. सही करून स्वतः नेऊन द्यावे. परत मागितला तर देऊ. मी दुसरा बघेन. आपण मान वर करून त्या फाटकातून आत जावे, एवढीच इच्छा आहे.

आपली,
विहीण


२० सप्टेंबर

विहीणबाई,

गेले. पत्र घेऊन गेले. आधी चार दिवस ते पर्समध्ये घेऊन फिरले. 'अनवधानाने' हा शब्द घशाखाली उतरेना, कारण मी तीन महिने आधीपासून त्याच्यासाठी रिक्षा कुठली मोठी मिळेल हे बघत होते. पण तुम्ही लिहिलंय म्हणून राहू दिला.

वॉर्डनबाईंनी बसायला सांगितलं, पाणी दिलं, पत्र दोनदा वाचलं. मी हात मांडीवर घेऊन बसले होते, शाळेतल्यासारखी. त्या उठल्या आणि कपाटातून मालाची वही काढली. माझ्यासमोर उघडली. कुकर मोठा, एक नग. गेल्या वर्षी: आहे, चालू स्थितीत. त्याच्या आदल्या वर्षी: आहे, चालू स्थितीत. सहाच्या सहा वर्षं, विहीणबाई. प्रत्येक ओळीपुढे त्यांची सही.

म्हणाल्या, "मावशी, हे पत्र मी घेतलं, तर नसलेला कुकर सहा वर्षं मी मोजत होते असं होईल. मोजणी करताना लक्षात यायचं, की तो नाही. मग वाटायचं, तुमच्याकडे आहे म्हणजे आहेच की."

मी म्हणाले, "मग मी काय करू?"

त्यांनी तुमचं पत्र घडी घालून माझ्या हातात परत दिलं. म्हणाल्या, पत्र फार छान लिहिलंय, कुणी लिहिलं? मी म्हणाले, विहिणीने. मग त्यांनी सांगितलं की या वर्षी वरच्या कार्यालयातून तपासणीस येणार आहेत, १५ ऑक्टोबरला, आणि ते प्रत्येक वस्तू हाताने उचलून बघतात म्हणे. तेवढा एक दिवस थोरला तिथे दिसला पाहिजे. त्यानंतर तो कुठे जातो ते त्या बघणार नाहीत. पुढच्या वर्षी तो वहीतून कायमचा काढायचं त्या बघतील.

म्हणजे चोराने माल परत करायचा, एक दिवस तिथे ठेवायचा आणि पुन्हा त्याच फाटकातून घेऊन जायचा. मला हसू येत होतं आणि रडूही. तुम्ही १४ तारखेला थोरल्याला घेऊन या. आत बरण्या असतील तर काढून ठेवा. घासूनपुसून आणा, तळाला तुमच्या बुरशीचा वास यायला नको.

तुमची,
विहीण


२६ सप्टेंबर

विहीणबाई,

विषय-संदर्भ आज लिहीत नाही, घाई आहे.

माझं पत्र परत आलं याचं वाईट वाटलं. पण त्या वहीबद्दल वाचून मी एकटीच हसत बसले, हे धावत बघायला आले. मीही वस्तूंची मोजणी अकरा वर्षं केलीय. आमच्याकडे एक लोखंडी शिडी होती. ती कधी कुणी पाहिली नाही. मी दर वर्षी तिच्यापुढे 'आहे' लिहिलं आणि माझ्यानंतर आलेली मुलगीही लिहिते, मला फोनवर म्हणाली. शिडी अजून चालू स्थितीत आहे.

येते. हेही येतात. पोस्टमनही यायचं म्हणतात, उचलायला एक हात जास्त म्हणून. सूनबाईला मी काही सांगितलं नाही, एवढंच म्हणाले की दोन दिवस तुमच्याकडे काम आहे.

फक्त एक अडचण आहे. १५ तारखेला माझी बरण्यांची खेप आहे. गहू आदल्या दिवशी भिजवलेला असणार, तो थांबायचा नाही. म्हणून असं करू. बरण्या मी बरोबर आणते आणि सकाळी तिथल्याच स्वयंपाकघरात थोरल्याला चढवू. तुम्ही आच बघा, मी घड्याळ बघते. दहा मिनिटं सरळ वाफ, मग शिट्टी, मग नव्वद मिनिटं, मग हात लावायचा नाही. वहीत 'चालू स्थितीत' लिहिलंय ना? तो चालूच असेल.

तपासणीस उचलून बघायचाय म्हणाले, तर तुम्ही त्यांना सांगा, की संध्याकाळपर्यंत थांबावं लागेल.

तुमची,
विहीण